गोष्ट सांगितली समानतेची, पोरांनी उचललं चिडवणं

वडगावची मावशी

नमस्कार. मी बेळगावात, वडगावला राहते. घरात दोन पॉवरलूम आहेत. सगळा जन्म मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्यात गेला, त्यामुळं लिहिणंही जरा मोठ्यानंच होईल, सांभाळून घ्या.

दर शनिवारी दुपारी तासभर माग बंद ठेवते आणि गल्लीतली पोरं सोप्यात गोळा करून गोष्टी सांगते. तीन वर्षांपासून सातपर्यंतची दहा-अकरा असतात. निम्मी मराठी, चार घरात कन्नड बोलणारी, दोघं भाऊ दखनी बोलणारे. दारात चपलांवरनं भांडणं होतात ती तिन्ही भाषांत होतात. सहा वर्षं हे चाललंय. फी नाही, कुणाची वर्गणी नाही, शेवटी एकेक बिस्कीट.

गेल्या पावसाळ्यात एक साडेचार वर्षांची पोरगी यायला लागली. मागच्या बोळात भाड्यानं राहतात. आईबाप हल्याळकडचे, सिद्दी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: काही शतकांपूर्वी आफ्रिकेतनं, बहुतेक गुलाम म्हणून, इकडच्या किनाऱ्यावर आणलेल्या लोकांचे हे वंशज. हल्याळ, यल्लापूर, अंकोला आणि आपल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात त्यांच्या वाड्या आहेत. घरात कोकणीच्या वळणाची बोली, बाहेर कन्नड आणि मराठी. पोरगी माझ्याशी खणखणीत मराठी बोलते. केस बारीक कुरळे, घट्ट. पहिल्या दिवशी पोरांनी त्यात बोटं घालून बघितली, ओढून बघितली. मी हात मारून बाजूला केलं, पण मनात आलं, यांना नीट समजावलं पाहिजे. बाजारात शोधलं, असल्या विषयाचं लहान पोरांचं मराठी पुस्तक काही हाताला लागलं नाही. मग गोष्ट मीच रचली. म्हणजे दोष कुठल्या पुस्तकाचा नाही, माझाच.

गोष्ट अशी. एका गावात एक काळी मुलगी. पोरं तिला ‘कोळसा कोळसा’ म्हणून चिडवायची, ती कोपऱ्यात बसून रडायची. एक दिवस एक पोरगा विहिरीत पडतो. बाकीची घाबरून पळतात, ही दोर सोडून त्याला वर काढते. मग सगळे तिची माफी मागतात आणि म्हणतात, रंग कुठलाही असो, आपण सगळे सारखे. मी ‘कोळसा कोळसा’ ठेक्यात म्हटलं, टाळ्या देत. पोरांनीही म्हटलं. तिनंही म्हटलं. मला वाटलं, रंगली आज गोष्ट.

सोमवारी संध्याकाळी बोळातनं ऐकू आलं. तोच ठेका, त्याच टाळ्या. बाहेर जाऊन बघते तर ती नळाजवळ उभी आणि सहाजण भोवती. एका मोठ्या पोरीला विचारलं, काय चाललंय गं? तर म्हणाली, “काय नाही ओ मावशी, शनिवारची गोष्ट खेळायलेत.” गोष्ट खेळायलेत! विहीर नाही, दोर नाही, माफी नाही. नुसती सुरुवात.

त्याआधी त्यांच्या तोंडात तो शब्द नव्हता. तो मी घातला.

पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिची आई नळावर भेटली, हसली आणि घागर उचलून गेली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तर विचारायचं हे, की एवढ्या लहान पोरांना सगळे सारखे, सगळे आपले, हे गोष्टीतनं सांगायचं कसं? सांगायचं की नाही? आणि झालेलं निस्तरायचं कसं? ‘चूक झाली’ म्हणून परत गोष्ट सांगितली तर परत तोच शब्द तोंडात येणार.


शंकेखोर

मावशी, राग मानू नका, पण हा उद्योगच कशाला? चार वर्षांच्या पोराला रंग, जात, धर्म काही कळत नसतं. कळतं ते आपण कळवतो म्हणून. तुमचंच उदाहरण घ्या. ससा-कासव सांगा, माकड-टोपीवाला सांगा. मोठी झाली की आपोआप शहाणी होतात.


वडगावची मावशी

दादा, केस मी ओढायला सांगितले नव्हते.


कॉलेजवाली

बेळगावात कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. शंकेखोर यांचं म्हणणं आमच्याकडं दर वर्षी एखादा विद्यार्थी मांडतो, त्यामुळं उत्तर तयार असतं.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या नवरा-बायकोनं १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. चांगली कुठली, खेळायला कुठली पाहिजे, असं विचारलं तर बऱ्याच मुलांनी गोरी उचलली. वाईट कुठली म्हटल्यावर तपकिरीकडं बोट. आणि शेवटी, तुझ्यासारखी कुठली, असं विचारलं तेव्हा काही पोरं रडायला लागली. १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा हवाला आहे. त्या पोरांना कुणी बसवून ‘गोरं ते चांगलं’ असा धडा दिला नव्हता. दुकानातल्या बाहुल्या, चित्रं, मोठ्यांचं बोलणं, यातनं त्यांनी ते गोळा केलं होतं.

आपल्याकडं तर बाहुल्यांचीही गरज नाही, खडूची पेटी पुरते. माझी भाची चार वर्षांची असताना चित्र रंगवत होती. म्हणाली, आत्या, ‘स्किन कलर’ दे. मी विचारलं, कुठला तो? तिनं फिकट गुलाबी उचलून दाखवला. पोरगी स्वतः गव्हाळ, आई सावळी, बाप चांगला काळा. घरात एकाही माणसाची कातडी त्या रंगाची नाही. पण रंगाचं नाव तेच, आणि शाळेत सगळे त्याला तेच म्हणतात.

मी काय केलं, ऐका. तपकिरीच्या जेवढ्या छटा मिळाल्या तेवढे खडू आणले आणि त्यांची नावं आम्ही दोघींनी मिळून ठेवली. चहा. बिनदुधाचा चहा. शेंगदाणा. नाचणी. गूळ. आणि एक बरोबर कुंद्यासारखा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईसारखा, निघाला. बेळगावचं पोर ते, कुंदा कलर म्हटल्यावर त्याच्यावर उड्या. आता चित्रात आधी आपला हात खडूशेजारी धरते आणि मग रंग निवडते. यात गोष्ट नाही, उपदेश नाही. मावशी, शनिवारी बिस्किटांआधी हे करून बघा. मात्र गोऱ्या पोरांनाही रंग शोधायला लावा, नाहीतर पुन्हा सगळ्यांच्या नजरा एकाच पोरीवर जातील.


निपाणीकर गुरुजी

माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. आता सत्तरी ओलांडली. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, रात्री चिमणीच्या उजेडात विड्या वळायची. आमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला होतं ते वेगळं सांगायला नको. मी पाच वर्षांचा असेन, वडिलांबरोबर चहाच्या दुकानात गेलो. आमचा कप बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. आपणच घ्यायचा, पिऊन आपणच धुवायचा, परत पालथा घालायचा. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही. पण दुसऱ्या वेळेला मी न सांगता कोनाड्याकडं गेलो. पाच वर्षांचा होतो. शंकेखोर, पोरांना कळत नाही म्हणता, ते कुठल्या पोरांना?

मावशी, तुमच्या गोष्टीबद्दल दोन गोष्टी बोलतो, जुना मास्तर म्हणून.

एक, तुमची गोष्ट चिडवणाऱ्यांच्या घोळक्यात उभी राहून सांगितलेली आहे. ठेका त्यांचा, टाळ्या त्यांच्या, गंमत त्यांची. पोरं जिथं गंमत असेल तिथं जाणार. ती मुलगी नुसती रडते. रडणाऱ्याची भूमिका खेळायला कोण तयार होईल?

दोन, आणि हे मला जास्त टोचलं, तिनं विहिरीतनं पोरगा का काढायचा? नसता काढला तर? म्हणजे चिडवलं कुणी, आणि पराक्रम करून दाखवायचा कुणी! बाकीच्या पोरांना काही न करता माणूस म्हणून धरलंय आणि हिला मात्र परीक्षा. आमच्या पिढीला हे सारखं ऐकावं लागायचं, “तुम्ही त्यातले वाटत नाही हो, किती हुशार.” तुमचा हेतू चांगला, हे मला माहीत आहे. पण आमच्यावर ‘उपकार’ करणाऱ्या गोष्टी सगळ्या अशाच असतात.

मी दुसरी-तिसरीच्या पोरांना एक गोष्ट सांगायचो. खरी. १९०१ साल, उन्हाळ्याची सुट्टी. लहान भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघतात. नवे कपडे, पहिलाच रेल्वेचा प्रवास, नुसता आनंद. मसूर स्टेशनवर उतरतात तर न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो, जात कळल्यावर तोंड फिरवतो. गाडीवान दुप्पट भाडं घेतो, वर गाडीत बसत नाही, पोरांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. डबा भरलेला आहे, पण रात्री प्यायला पाणी कुणी देत नाही, आणि पाण्यावाचून घास उतरत नाही. तसेच उपाशी झोपतात.

ही सांगताना मी वर्गातल्या माठावर ताट झाकून त्यावर डस्टर ठेवायचो. गोष्ट संपेपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही. निपाणीचा एप्रिल महिना. मसूर येईपर्यंत निम्मा वर्ग ओठ चाटायला लागायचा. गाडीवानाची नक्कल आजवर एकाही पोरानं मैदानात केली नाही. तहान लागली की जो तो भीमराव होतो. शेवटी ताट मी काढायचो आणि त्या दिवशी पाणी वाढायचं काम रोज सगळ्यात मागं बसणाऱ्याकडं द्यायचो.

याच निपाणीत १९२५ साली बहिष्कृत परिषद भरली होती, बाबासाहेब स्वतः आले होते. पोरांना तेही सांगायचो, की हे लांबचं नाही, आपल्याच गावात झालंय. पण हे सगळं सात-आठ वर्षांच्या पुढं. साडेचारच्या पोरीला हे सांगू नका, तिला रात्री पाण्याची भीती बसेल.


शंकेखोर

गुरुजी, कोनाड्याचं वाचून गप्प बसलो. पण ससा-कासव सांगायला काय हरकत आहे हे अजून कळलं नाही.


निपाणीकर गुरुजी

काही हरकत नाही. सांगा की. फक्त गोष्टीनंतर माठातलं पाणी कोण वाढतंय तेवढं बघा.


खानापूरची अंगणवाडी ताई

माझी अंगणवाडी खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या गावात, शाळेच्या आवारातच. मराठी घरं, कन्नड घरं, धनगर गवळ्यांचा वाडा, आणि एक सिद्दी वाडी आहे. मावशी, तुमचं वाचून माझीच फजिती आठवली, ती आधी सांगते.

शेजारच्या शाळेत पोरांना अंडं देतात. अंडं न खाणाऱ्याला केळं. योजना चांगलीच आहे. पण त्या दिवशी वाढायला सोपं जावं म्हणून अंडंवाले एका रांगेत आणि केळंवाले दुसऱ्या रांगेत बसवायचे. वाढणाऱ्या बाईंची काही चूक नाही, दोन हात आणि साठ पोरं. पण माझी तीन-चार वर्षांची पिल्लं खिडकीतनं बघायची. एक दिवस माझ्याकडं उप्पीट होतं, सगळ्यांना एकच. तरी ती आपसूक दोन रांगा करून बसली आणि एक पोरगी दुसरीला म्हणाली, “तू त्यांच्यातली, तिकडं बस.” उप्पिटाला!

मी लगेच गोष्ट रचली. कोंबडी केळीच्या बागेत राहते, केळ तिला सावली देते, कोंबडी माती उकरून केळीच्या बुडातले किडे खाते, दोघी मैत्रिणी. मला फार आवडली होती ती. पोरांनी ऐकली आणि विचारलं, “मग पिल्लू कुठाय?” दुसऱ्या दिवशी परत दोन रांगा. शेवटी शाळेतल्या बाईंशी बोलून गोल बसवायला सुरुवात केली. ताटात काय आहे ते ताटात, बसायचं जिथं जागा मिळेल तिथं. वाढायला दहा मिनिटं जास्त लागतात, त्या माझ्यावर अजून थोड्या चिडून आहेत. पण महिन्याभरात रांगा मोडल्या. गोष्टीनं जे झालं नाही ते बसण्यानं झालं. आमच्या ट्रेनिंगमध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं सांगायचे, की बोर्डीला वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. तेव्हा ते नुसतं परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

आता तुमच्या त्या पोरीचं. तिच्या रंगावर, केसांवर आता एक शब्द बोलू नका, चांगला सुद्धा नाही. “किती छान केस” म्हटलं तरी सगळी परत केसांकडंच बघणार. तिच्या घरात काय आहे ते बघा. सिद्दी बायका वाकळ शिवतात, त्याला त्या कवंदी म्हणतात. आमच्याकडच्या वाडीत मी शेजारी बसून बघितलंय. जुनी लुगडी, शर्ट, पोरांचे शाळेचे युनिफॉर्म, सगळ्याचे तुकडे. एका कोपऱ्यापासून सुरू करतात आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत येतात, मध्यावर संपवतात. चारी कोपऱ्यांना कापड दुमडून केलेले छोटे त्रिकोण लावतात, त्याला फूल म्हणतात. आमच्या इथल्या आज्ज्या म्हणतात, फुलं लावल्याशिवाय वाकळ पुरी झाली म्हणायचं नाही.

आणि माझी स्वतःची आज्जी, ती काही सिद्दी नव्हती, ती पण वाकळ शिवताना मध्यभागी शेवटचा तुकडा लावायच्या आधी आत चार तांदळाचे दाणे टाकायची. का गं आज्जी? तर म्हणे वाकळेचं पोट उपाशी राहू नये, नाहीतर रात्री ऊब द्यायची नाही. हे पोरांना सांगून बघा. वाकळेला पोट असतं आणि ते भात खातं, म्हटल्यावर माझ्याकडची पोरं अर्धा तास वाकळेवर पालथी पडून दाणे चाचपत होती.

तिच्या आईला वाकळ घेऊन बोलवा. गोष्ट तिलाच सांगू द्या. तुम्ही खाली पोरांच्यात बसा.


दोन भाषांचा बाप

टिळकवाडीत राहतो, मी मराठी, बायको बैलहोंगलकडची कन्नड. मुलगा पाच वर्षांचा. त्याच्याशी मी मराठीत, आई कन्नडमध्ये, आणि आम्ही दोघं एकमेकांशी भांडतो हिंदीत, म्हणजे कुणाचाच घरचा फायदा नको. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी लोकांचा काळा दिवस, जवळ आला की बाहेर जे काही चालतं ते आमच्या डायनिंग टेबलापर्यंत येऊ नये एवढीच काळजी असते. जास्त लिहीत नाही त्यावर.

मावशी, पुस्तक हाताला लागलं नाही म्हणालात, म्हणून कामाचं सांगतो. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. चित्रांच्या गोष्टी, फुकट. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, सगळ्यात. वाचनाच्या पातळ्या केलेल्या आहेत, तुमच्या पोरांना पहिली आणि दुसरी पातळी चालेल. खुल्या परवान्यावर आहेत, त्यामुळं छापून घेतल्या, भाषांतर केलं, तरी कुणी विचारणार नाही, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं ठेवायचं. आम्ही एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये छापून आणतो. एक पान मी वाचतो, तेच पान ती वाचते. चित्र तेच, भाषा बदलली. पोरगा मध्ये बसून दोघांच्या चुका काढतो, “अप्पा, अम्मानं वेगळं सांगितलं.”

गोष्ट निवडताना मी एकच बघतो. चाकाच्या खुर्चीतली पोरगी असेल तर गोष्ट खुर्चीची आहे का पोरीची? तिचं मांजर हरवलंय आणि ती खुर्ची दामटत शोधत फिरतेय, ही गोष्ट मी घेतो. ‘ती चालू शकत नाही, पण तरीही...’ अशी सुरुवात दिसली की ठेवून देतो. गुरुजींनी हेच जास्त चांगलं सांगितलंय.

ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, हल्ली अरिवु केंद्र म्हणतात, मुलांना सभासदत्व फुकट असतं. मी बघितलेल्या ठिकाणी पुस्तकं जवळजवळ सगळी कन्नड होती, पण चित्रं बघायला भाषा लागत नाही, आणि तुमच्या सोप्यात चार कन्नड पोरं आहेतच की. त्यांना सांगा वाचून दाखवायला. एरवी तुमच्याकडं ती मराठी ऐकत बसतात, एखाद्या शनिवारी मराठी पोरांनी विचारू दे, “म्हणजे काय रे?” माझ्या सासूबाई बसवण्णांचं एक वचन म्हणतात. हा कोणाचा, हा कोणाचा, असं विचारायला लावू नकोस, हा आमचाच, असं म्हणव, असा त्याचा अर्थ. ‘इव नम्मव’ एवढं माझ्या पोरानं उचललंय आणि तो ते प्रत्येक भटक्या कुत्र्याला म्हणतो. घरात आता दोन आहेत.

आणि हो, ती वाकळ. बायको म्हणते, आमच्याकडं कौदी. तिच्या आईकडंही मधोमध पोट ठेवतात.


शंकेखोर

आमच्या आईच्या वाकळेत तिच्या लग्नातल्या शालूचा तुकडा होता. परवा ट्रंकेतनं काढून बघितला. एवढंच. चालू द्या.


वडगावची मावशी

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. गुरुजी, विहिरीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून रात्री झोप आली नाही. मी ती विहीर अगदी हौसेनं घातली होती. काय काय झालं ते सांगते.

आधी तिच्या घरी गेले. दारातच म्हटलं, तुमच्या पोरीला तो शब्द माझ्यामुळं चिकटला, चुकले. ती भांडी घासत होती, हात तसेच ओले. म्हणाली, “पोरंच ती, मावशी.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “शाळेत घालायची हाय जूनला. तिथं कोण येणार माफी मागायला?” मला उत्तर आलं नाही. चहा दिला तिनं. वाकळेचं विचारलं तर आधी हसायलाच लागली, जुन्यापान्या चिंध्यांचं पोरांना काय दाखवायचं म्हणे. तिच्या आईनं शिवलेली होती, कॉटखाली घडी घालून ठेवलेली.

मधल्या शनिवारी खडूंचं केलं. आमच्या गल्लीत कुंदा निघाला तीन पोरांचा, त्यात एक माझा नातू. ज्याचा रंग बिनदुधाचा चहा निघाला तो रुसला, कारण त्याला चहा आवडत नाही. मग त्याचं नाव बदलून खजूर केलं. ती पोरगी त्या दिवशी नव्हती.

पुढच्या शनिवारी दोघी आल्या. वाकळ सोप्यात पसरली तर भिंतीपासून भिंतीपर्यंत. लाल, हिरवा, फुलाफुलांचा, चौकटीचा, एक तुकडा खाकी पँटचा, बटणासकट. आई आधी बोलेना. पोरं वाकळेभोवती गप्प उभी, चपला आपण होऊन बाहेर काढलेल्या, हे मी सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मग पोरगीच सुरू झाली. हे आज्जीचं लुगडं, हा मामाचा शर्ट, ही मी बाळ असताना माझी झबली. एक तुकडा मी ओळखला. आमच्या वडगावच्या मागावरची साडी, काठ बघूनच कळतं. म्हटलं ही कुठली? आई म्हणाली, जिथं काम करते त्या घरातल्या बाईंनी जुनी दिलेली. गावाला पाठवली, ती वाकळेत बसून परत आली. कोण जाणे, माझ्याच कांडीवरचं सूत असेल.

दखनीवाले दोघे भाऊ म्हणाले गोदडी. कन्नड पोरं म्हणाली कौदी. माझा नातू म्हणाला वाकळ. बरोबर कुठलं यावर जुंपली. शेवटी पोरगीनं सांगितलं, माझी आहे म्हणून कवंदी, तुमची असेल तेव्हा तुम्ही काय पण म्हणा.

पोटाचं मी सांगितलं. तिच्या आईला ते माहीत नव्हतं, की होतं आणि बोलली नाही, कळलं नाही. पण पोरं लगेच पालथी पडून चाचपायला लागली. एकजण ओरडला, “मावशी, टोचतंय! भात हाय!” बटण होतं ते. मी काही बोलले नाही.

‘कोळसा’ गल्लीतनं गेला का? नाही. मंगळवारी परत ऐकला, पण या वेळी सायकलची चेन बसवून हात काळे केलेल्या पोराला. धावत बाहेर गेले आणि मग तशीच आत आले.

एक सांगायचं राहिलं. नळाजवळ टाळ्या देणाऱ्यांत जो पुढं होता, त्याला वाकळेच्या फुलाच्या कोपऱ्यावर बसायचं होतं. तिनं त्याला नाही म्हटलं. चारी कोपरे दुसऱ्यांना दिले. तो माझ्याकडं बघायला लागला, मी सांगेन म्हणून. मी मध्ये पडले नाही. तो पायरीवर जाऊन बसला, आणि थोड्या वेळानं आपणच आत येऊन कडेला टेकला.

बिस्किटांचा डबा त्या दिवशी तिनंच घेतला. सगळ्यांना वाटली. त्यालाही दिलं, पण सगळ्यात शेवटी, आणि शोधून शोधून तुटकं.